धनराजची सगळ्यांचं ऐकणारी लायब्ररी

सावली गावचा धनराज म्हणजे समोरचा बोलेल तसं बोलणारा माणूस. धानोऱ्याच्या बाजारात गोंडी, सिरोंच्याच्या पाहुण्यांशी तेलुगू, नागपूरच्या साहेबांशी हिंदी. घरी मात्र साऱ्यांची खिचडी.

प्रोग्रामरांसाठी त्यानं मजकुरातून हवं ते हुडकणारी लायब्ररी, म्हणजे आयता वापरता येणारा कोड, लिहिली; तीही त्याच्याच स्वभावावर गेली. हुडकायच्या खुणा ज्याच्या त्याच्या निराळ्या. एकाच्या फुलीचा (*) अर्थ 'काहीही चालेल', दुसऱ्याच्या फुलीचा 'मागचंच अक्षर पुन्हापुन्हा'. धनराजनं कोणालाच नाही म्हटलं नाही. कंसाआधी तिरकी रेघ पाहिजे? घ्या. नको? तेही घ्या. फक्त आधी आपली रीत सांगा.

एका दुपारी बायको मयुरी म्हणाली, "बहिणीच्या लग्नाचे फोटो हुडकून द्या ना."

फोटोंच्या फाइलींची नावं हुडकायला धनराजनं ऐटीत एक ओळ ठोकली. तिच्यात तीन रीतींच्या खुणा कालवल्या होत्या. स्क्रीनवर त्यानंच लिहून ठेवलेला प्रश्न उमटला: "भाऊ, कोणत्या रीतीनं बोलून राह्यले?"

"अवं, तुले मीच त बनवलो!" तो लॅपटॉपवर खेकसला.

मयुरी सुपातले तांदूळ पाखडत म्हणाली, "तिच्यावर काऊन चिडता? मले बी तुमाले रोज हेच विचारा लागते."