‘रन’ची कार्डे

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी तेहतीस वर्षे तालिकाकार होते. आलेल्या प्रत्येक पुस्तकाचे कार्ड करायचे, ते खणात योग्य जागी बसवायचे आणि कोणी काही विचारलेच तर उत्तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचे. यातली चिठ्ठी हा नोकरीचा भाग नव्हता. ती माझी सोय होती. इंग्रजी मी भरपूर वाचले होते, एम.ए.चे पेपरही त्याच भाषेत लिहिले होते. परंतु चार माणसांसमोर तिच्यात एक वाक्य उच्चारायचे म्हटले की मी काहीतरी काम काढून तिथून उठून जाई. मराठीतही फार निराळी स्थिती नव्हती. ग्रंथपालाचे पद दोनदा चालून आले. त्या पदावर प्राध्यापकांच्या सभेत अहवाल वाचावा लागे, म्हणून दोन्ही वेळा मी नकार दिला आणि सासूबाईंच्या प्रकृतीचे कारण सांगितले. सासूबाई ठणठणीत होत्या.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी नागपूरच्या सदर भागातल्या एका इंग्रजी संभाषणाच्या वर्गात नाव घातले. वेळ जात नाही, असे घरी सांगितले. वेळ उत्तम जात होता. एकदा तरी लोकांसमोर उभे राहून बोलायचे, एवढेच मनात होते, आणि ते सांगण्याची लाज वाटत होती.

वर्गाचा नियम साधा होता. पातळी संपताना प्रत्येकाने दिलेल्या एका शब्दावर पाच मिनिटे बोलायचे. जो बोलणार नाही त्याने तीच पातळी पुन्हा करायची. पहिल्या खेपेला मला त्या शनिवारी ताप आला. दुसऱ्या खेपेला पाहुणे आले. पाहुणे मीच बोलावले होते. तिसऱ्यांदा त्याच बाकावर बसताना मी ठरवले की यावेळीही जमले नाही, तर हा विषय कायमचा सोडायचा.

याच खेपेला माझ्या शेजारी कुहीकडच्या एका खेड्यातली बाई येऊन बसली. घरी धानाची शेती. गावातल्या बचत गटाचा तांदूळ ती नागपूरच्या प्रदर्शनांत विकत असे. गिऱ्हाईक इंग्रजीत विचारू लागले की तिची पंचाईत होई, म्हणून दर शनिवारी बसने वर्गाला येई. शिक्षण सातवीपर्यंत, आणि भीती कशाचीच नाही. पहिल्याच दिवशी तिने मला विचारले, “तू काहून बोलत नाई वं ताई? उपास हाय काय?”

आमच्या शिक्षिका पंचविशीच्या असाव्यात. त्यांनी शब्द वाटले. शेजारणीला ‘राइस’ मिळाला. मला म्हणाल्या, “काकू, तुमचं वाचन आहे. तुम्ही ‘रन’ घ्या.”

रन म्हणजे धावणे. यावर पाच मिनिटे काय बोलायचे, अशा विचाराने मी घरी जाऊन शब्दकोश उघडला. त्या तीन अक्षरांच्या शब्दाने कित्येक पाने व्यापली होती. इंग्रजीत माणूस धावतो तसे सर्दीने नाकही धावते. नळ धावतो, अंगात ताप धावतो, धुताना लुगड्याचा रंग धावतो. दुकान चालवणारा दुकान धाववतो आणि निवडणूक लढवणारा निवडणुकीसाठी धावतो. पायवाट शेताच्या कडेने धावते, टक्कल घराण्यात धावते, आणि डब्यातली साखर संपली की तीही बाहेर धावलेली असते. मी जे आयुष्यभर केले तेच केले. एका अर्थाला एक कार्ड, डाव्या कोपऱ्यात क्रमांक, खाली मराठी प्रतिशब्द, आणि जवळच्या अर्थासाठी ‘पाहा’ अशी नोंद. ‘गेट’ आणि ‘सेट’ हे शब्दही तपासले. तेही कमी नव्हते, पण ‘रन’पुढे मला थोडे गरीब वाटले. त्रेचाळीस कार्डे झाली. बोलण्याचा सराव मात्र एकदाही केला नाही. कार्डे पूर्ण झाली म्हणजे तयारी झाली, असे मला मनापासून वाटत होते.

पुढच्या शनिवारी वर्गाबाहेरच्या जिन्यात शेजारणीने तो गठ्ठा पाहिला.

“एवढे काय लिहून राहिली वं?”

मी सांगितले. इंग्रजीचा एक शब्द किती कामे करतो, आणि मराठीत त्या प्रत्येकाला वेगळे क्रियापद शोधावे लागते, अशी थोडी कौतुकाची भाषा माझ्या तोंडी आली.

“आपल्यात नाई काय असा?” पिशवीतली शेंगांची पुडी सोडत ती म्हणाली. “मले भूक लागली. पोराले नोकरी लागली. तुले ऊन लागलं. धानाले पाणी लागते, पुतणीचं लगन लागलं, अन् माही जाऊ तुह्या गावची निघाली त तू माही कोनीतरी लागतं. हे सारं बोल ना मास्तरणीले इंग्रजीत!”

मी मनातल्या मनात प्रयत्न केला. प्रत्येक ‘लागणे’साठी इंग्रजीने मला निराळ्या दारी पाठवले. इतकी वर्षे शब्दांच्या संगतीत काढून हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. त्या रात्री मी ‘लागणे’चेही कार्ड करायला घेतले आणि ते अपुरे राहिले.

ठरलेल्या शनिवारी ती आधी बोलली. “राइस व्हेरी नखरेवाला,” अशी सुरुवात करून तिने रोवणीपासून मळणीपर्यंत सगळे हातवाऱ्यांसह सांगितले. पाच मिनिटांनंतर शिक्षिकांना तिला थांबवावे लागले.

मग मी उभी राहिले. हातात कार्डे होती. पहिले कार्ड स्पष्ट दिसत होते, माझेच अक्षर होते. पण आवाज निघेना. बारा माणसे माझ्याकडे पाहत होती. शिक्षिकांनी घड्याळाकडे पाहिले. आता तब्येत बरी नाही म्हणून खाली बसावे, असे वाक्य मी मनात जुळवू लागले. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

“नाक सांग वं ताई, नाक! सर्दी झाली त नाक काय करते?”

वर्ग हसला. लग्नात नाव घेताना नवरी अडली की मागून कोणी तरी पहिली ओळ सुचवते. तिने तेच केले, फक्त हळू आवाजात नाही.

“नोज रन्स,” मी म्हणाले.

“अन् नळ?”

नळाचे सांगितले. लुगड्याचे सांगितले. ती मराठीत विचारत गेली, मी इंग्रजीत उत्तर देत गेले, आणि पुढेपुढे उत्तरे एका वाक्यावरून चार वाक्यांवर गेली. कार्ड एकही उलटले नव्हते.

“काकू, छान झालं,” शेवटी शिक्षिका म्हणाल्या, “पण ही प्रश्नोत्तरं झाली. एकटीनं बोलायला हवं होतं. पातळी पुन्हा करावी लागेल.”

“नो,” मी म्हणाले. हा शब्द कुठून आला, ते मला ठाऊक नाही. मग इंग्रजीतच सांगितले की ग्रंथालयात प्रश्न आल्याशिवाय कोणी बोलत नाही. तेहतीस वर्षे मी कागदावर उत्तरे दिली, आज तोंडाने दिली, आणि ती मोजली गेली पाहिजेत. व्याकरण दोन ठिकाणी चुकले, ते मला घरी जाताना, बस सक्करदऱ्याला पोहोचली तेव्हा आठवले.

शिक्षिकांनी शांतपणे ऐकून घेतले. नियम सर्वांना सारखा आहे, पण पातळी पुन्हा करायला नको; पुढच्या शनिवारी एकटीने बोला, असे त्या म्हणाल्या. ते न्याय्य होते.

जिन्यात शेजारणीने माझ्या हातातली कार्डे काढून घेतली. “हे माह्याजवळ राहू दे. नाई त तू पुन्हा त्याच्यातच तोंड खुपसशील.” आणि ती खरोखरच त्रेचाळीस कार्डे कुहीच्या बसमधून घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी मी रिकाम्या हातांनी उभी राहिले. ‘रन’पासून सुरुवात केली आणि ‘लागणे’वर गेले, जिन्यातली तिची वाक्ये एकेक करून इंग्रजीत मांडली आणि दर वेळी क्रियापद कसे बदलावे लागते ते सांगितले. मधे एकदा अडले आणि सवयीने शेजारणीच्या बाकाकडे पाहिले. मदत नको म्हणून तिला बाहेर बसवले होते. दारापलीकडून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. बोलणे पाच मिनिटांना थोडे कमी पडले. शिक्षिकांनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

आता प्रदर्शन असले की मी तिच्या दुकानावर जाऊन बसते. माझी कार्डे तिने वाया जाऊ दिली नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर तांदळांची नावे लिहून ती पोत्यांत खोचली आहेत. चिन्नोरच्या पाठीमागे ‘ताप असणे’ आहे. परवा एका तरुण गिऱ्हाइकाने इंग्रजीत विचारले की या तांदळाला पाणी किती घालायचे. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. जवळ कागद नव्हता; जे होते ते सगळे तांदळात उभे होते. मी तोंडाने सांगितले. त्याने आणखी दोन प्रश्न विचारले, तेही सांगितले.

“घेतला काय त्यानं?” शेजारणीने मागून विचारले.

“नाही.”

“मंग एवढा वेळ काय बोलून राहिली होती वं?” ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.