लांब शेड, आखूड शेड

ज्या छपराखाली एक बाई वीस वर्षं रांधते, झोपते, तापाने फणफणते, त्या जागेला तुम्ही काय म्हणाल? तुमचं उत्तर एका शब्दाचं असेल. माझ्या मैत्रिणीच्या चाचांचं नसतं. जगात शब्दांपायी जितकी कामं अडली असतील, त्यातली निम्मी तरी कसालला हायवेलगतच्या त्यांच्या पत्र्यांच्या दुकानात अडलेली आहेत.

चाचा पत्रे विकतात, पण आधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात. तरुणपणी ते बोटीवर होते. तिथून कमाई म्हणून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेऊन आले. परवा एक शेतकरी म्हणाला, "चाचा, शेडीक पत्रे होये."

"शेडीत रवतलो कोण?"

"बैल."

"मगे गोठो म्हण. बैलान तुझा काय वायट केल्यान?"

शेतकरी हसला आणि फसला. मग त्याला ऐकावं लागलं, की शेड हा शब्द बहुधा इंग्रजीतल्या सावलीच्या शब्दातून आला. उच्चार लांबवला की सावली, आखडला की छप्पर. पानं गाळणं, रक्त सांडणं यालाही हाच आखूड शब्द, पण त्याचं मूळ निराळं. दुसऱ्या मुळापर्यंत पोचेतो पत्रे न्यायला आणलेला टेम्पोवाला निघून गेला होता. आमच्या संघटनेसाठी मी लिहिलेली पत्रकंही ते लाल पेन हातात धरूनच वाचतात. मी 'जुलमी व्यवस्था' लिहिलं, तर म्हणाले, "व्यवस्था खंय आसा गो? असती तर तुका लिवची गरज कित्याक पडली असती?"

शेवंतामावशीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवरा गेल्यावर ती काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपटात, राहायला आली आणि तिथलीच झाली. पंचायतीच्या वहीत त्या जागेची नोंद 'शेड'. आता रस्ता रुंद होणार. घर पाडायचं तर आधी दुसरी जागा द्यावी लागते, शेडीला नोटीस पुरते, असं आम्हाला सांगण्यात आलं. उपयोगाचा साक्षीदार एकच होता. वीस वर्षांपूर्वी ती राहायला आली तेव्हा तिथे स्वतः उभं राहून पत्रे घालून घेणारे चाचा. मी त्यांना तीनदा बजावलं, "मावशी तिथे राहते, एवढंच सांगा."

सुनावणीत चाचा उठले. "साहेब, आधी शेड म्हणजे काय ते पाहू. मूळ अर्थ सावली." सावलीवरून ते झाडावर गेले, झाडावरून पानगळीवर. मी त्यांचा सदरा ओढत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे ती शेडच आहे, असं तुमचं म्हणणं?"

"मूळ अर्थाने, होय."

कारकुनाने लिहून घेतलं: साक्षीदाराच्या मते शेड.

बाहेर आल्यावर मी त्यांना जे बोलले ते छापण्याजोगं नाही. "अगो, मी लांब शेड सांगितलंय," ते म्हणाले, "त्येनी आखूड लिवल्यान." मराठीत दोन्ही एकसारखीच लिहितात, हे या पंडिताच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मावशी पायरीवर बसली होती. चाचा तिच्यापाशी गेले. "शेवंता, तू त्या जागेक काय म्हणतंस?"

"घर," ती म्हणाली. "आणखी काय म्हणतलंय?"

चाचांनी कागदासाठी माझ्यापुढे हात केला. एखाद्या शब्दाचं मूळ न शोधता तो घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मग माझ्याकडून कागद घेऊन ते पुन्हा आत गेले आणि लेखी देऊन आले: 'मी पत्रे घातले ते शेवंताच्या घरावर.' माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून इतकी सरळ ओळ सापडायची नाही.

कागद घेतला गेला, निकाल अजून नाही. हल्ली चाचा गिऱ्हाइकांना मुकाट्याने पत्रे मोजून देतात, आणि ते मला बघवत नाही.

तुम्ही एक करा. तुमच्या पंचायतीत जाऊन नोंदवही मागा. जिथे 'शेड' लिहिलंय तिथे स्वतः जा. आत चूल दिसली, तर तिथल्या माणसाला विचारा, तुम्ही या जागेला काय म्हणता. आणि तो म्हणेल तोच शब्द वहीत घालायला लावा.