मूल होण्याचा प्रॉडक्शन प्लॅन

मी मद्रासजवळ अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. ग्राहकाला माल हवा असेल तेव्हाच तो पोचला पाहिजे. आधी पोचला तर गोदामात पडून राहतो आणि आमचे साहेब ओरडतात. उशिरा पोचला तर समोरच्याची लाइन बंद पडते आणि दोन्हीकडचे साहेब ओरडतात. या तत्त्वावर माझी नोकरी चालते. लग्नाला तीन वर्षं होऊनही मूल होईना, तेव्हा मी हेच तत्त्व घरी आणलं.

शाळेत जीवशास्त्राचा तो धडा सरांनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडला होता. मी वाचला, पण दाराला कडी लावून आणि भलत्याच उत्सुकतेनं, त्यामुळे मुद्द्याचं तेवढं राहून गेलं. उरलेलं शिक्षण हॉस्टेलच्या गच्चीवर झालं. या दोन विद्यापीठांतून माझी समजूत झाली ती अशी: पाळीपासून चौदावा दिवस म्हणजे स्त्रीबीज येण्याचा दिवस, सरकारी सुटीसारखा ठरलेला. माल त्याच दिवशी रवाना करायचा. तोवर साठवून ठेवायचा, म्हणजे जोर राहतो.

“पण माझा महिना कधी अठ्ठावीस दिवसांचा असतो, कधी पस्तीस,” बायको म्हणाली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिला चुका शोधायचा पगार मिळतो. “मग दर वेळी चौदावाच कसा?”

“सरासरी चौदाच धरतात.”

तिनं माझ्याकडे बघितलं, पण तेव्हा आमच्यात प्रेम होतं.

ठरलेल्या दिवसापर्यंत मी ब्रह्मचारी. त्या दिवशी कारखान्यातून लवकर निघायचं. नंतर तिच्या कमरेखाली दोन उशा आणि तिचे पाय भिंतीला.

“किती वेळ राहू अशी?”

“सेट होईपर्यंत.”

“मी काय दही आहे का?”

महिन्यामागून महिने गेले. सांगलीहून आईचे फोन सुरू झाले. सुनेला उष्णता असेल, ती पपई खात असेल, एसीत बसत असेल. मग सुनेनं सोळा सोमवार धरावेत असं ठरलं. बायकोनं धरले. सोमवारी सगळं ऑफिस डोसे खायचं आणि ही डब्यातले शेंगदाणे मोजून खायची. शिवाय तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला आत औषध सोडून फोटो काढतात, ती तपासणीही झाली. त्या दिवशी ऑटोत ती पोट धरून बसली होती. मी उकाड्याबद्दल बोलत होतो.

तिचे सगळे रिपोर्ट चांगले आले. आईनं त्यावरून निष्कर्ष काढला की मद्रासच्या डॉक्टरांना काही कळत नाही. दिवाळीनंतर येऊन सुनेला सांगलीच्या वैद्याकडे न्यायचं तिनं ठरवलं.

“मी येणार नाही,” बायको म्हणाली. “आणि हे तू सांगायचंस. मी सांगितलं तर मी वाईट.”

मी म्हणालो, “बघू.” ‘बघू’ या शब्दावर माझी अनेक वर्षं निघाली आहेत.

अण्णा नगरातल्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही जात होतो त्या साठीच्या, आमच्याशी इंग्रजीत बोलणाऱ्या, नर्सशी तमिळमध्ये. त्या दिवशी फाइल मिटून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. आता यांची तपासणी.

मी बायकोकडे वळलो आणि निर्धास्त मराठीत म्हणालो, “या बाईला काय कळतंय? आमच्या घराण्यात पुरुषांत दोष नसतो. आजोबांना नऊ मुलं होती. आणि माझ्या मिशा बघ.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मिशा बघितल्या मी,” त्या मराठीत म्हणाल्या. “बऱ्या आहेत. पण त्यांची तपासणी इथें होत नाहीं.”

त्या तंजावूरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची होती आणि हेल तमिळ, त्यामुळे मला पेशव्यांच्या दरबारात उभं केल्यासारखं वाटलं. मद्रासमध्ये खाजगी बोलायला मराठी सुरक्षित, असं मानणारा मी पहिलाच नसणार. बायको टेबलाखाली चप्पल शोधायला वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

“स्त्रीबीज किती वेळ जगतें?” बाईंनी परीक्षा सुरू केली.

“महिनाभर?”

“फार तर एक दिवस. आणि तुमचे शुक्राणू?”

“तासभर?”

“चार-पाच दिवससुद्धां राहूं शकतात.”

“म्हणजे ते आधी जाऊन थांबतात?”

“मग? इथें लग्नाच्या जेवणाला लोक आधींच जाऊन खुर्चीमागें उभे राहतात, नाहीं का? पान मिळतें त्यांनाच.”

चौदा दिवसही मी चुकीच्या टोकापासून मोजत होतो. बीज साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटतं, मागच्या पाळीनंतर नव्हे, त्यामुळे पस्तीस दिवसांच्या महिन्यात माझी गाडी आठवडाभर आधीच येऊन परत गेलेली असायची. साठवण्याचाही उपयोग नाही, जुना माल मंदावतो. त्यापेक्षा बीज सुटायच्या आठवड्यात एक दिवसाआड बरं. आणि भेट होते ती गर्भाशयात नाही, वर नळीत. जाणारे काही मिनिटांत निघून जातात, बाहेर येतं ते उरलेलं पाणी.

“म्हणजे पाय भिंतीला—” बायको म्हणाली.

“कुणाचे पाय?” बाईंनी विचारलं.

मी घाईनं विषय बदलला. “पण डॉक्टर, जो पहिला पोचतो तोच जिंकतो ना?”

“पहिले येतात ते बीजाचें आवरण सैल करण्यांतच खपतात. मागून येणारा कुणी तरी आंत जातो.”

हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी आयुष्यात कुठेही पहिला आलो नव्हतो.

लॅबमधल्या नर्सनं माझ्या हातात डबी दिली आणि भरल्या बाकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, “मेदुवा, सार!” म्हणजे सावकाश होऊ द्या. बाकांवरचे लोक सहानुभूतीनं माझ्याकडे बघू लागले. इतक्या शुभेच्छा मला लग्नातही मिळाल्या नव्हत्या.

रिपोर्ट आला. संख्या कमी, आणि जे होते ते आळशी. आजोबा आणि नऊ मुलं माझ्या डोळ्यांसमोरून रांगेनं निघून गेली.

“दोन महिन्यांमागें ताप येऊन गेला का?” बाईंनी विचारलं. आला होता, चिकनगुनियाचा. “त्यानें होऊं शकतें. आजचे हे तीनेक महिन्यांमागें बनायला लागले होते. तीन महिन्यांनीं पुन्हा बघूं. घाबरूं नका.”

ऑर्डरपासून माल तयार होईपर्यंतचा इतका लीड टाइम आमच्या कारखान्यातही नाही.

रविवारी आईचा फोन आला. तिकीट काढू का, वैद्य फक्त मंगळवारी बसतात. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलची तिनं तीनदा घडी घातली.

“आई, तिकीट नको,” मी म्हणालो. “रिपोर्ट आला. माझा.”

“तुझा कशाला?”

“दोघांचे बघतात. तिचं सगळं चांगलं आहे. माझे कमी आहेत.”

“काय कमी?”

मी सांगितलं, डबीसकट. आईशी बोलताना जे शब्द वापरायला लागू नयेत ते सगळे वापरले.

“तिचे उपास किती राहिले?” आईनं विचारलं.

“सात.”

“सोडायला सांग तिला. राहिलेले तू धर.”

“अगं, उपासाचा याच्याशी काही संबंध नसतो. डॉक्टर म्हणाल्या.”

“तिनं नऊ धरले तेव्हा बरा होता संबंध? माझ्या वेळी मीच धरले. तुझ्या बाबांच्या हातात कुणी डबी दिली नाही.” मग आवाज उतरला. “फोन दे तिला.”

बायकोनं फोन घेतला आणि गॅलरीत गेली. बराच वेळ ती नुसतं “हो आई” म्हणत होती. मग हसायला लागली, आणि कशाला ते मला अजून दोघींपैकी कुणीही सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी ती माझ्यासमोर ताटली घेऊन बसली. तूप ओघळणारं पोंगल, वडा, चटणी.

“वासानं मोडतो का रे उपास?” तिनं काळजीनं विचारलं.

मी आईला फोन लावला.

“नाही मोडत,” आई म्हणाली. “तिला म्हणावं, आणखी जवळ बसून खा.”