व्याह्यांच्या यादीतली माणसं

समस्त सभासद, हितचिंतक आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचणारे सर्व सज्जन यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या व्याह्यांनी ‘हा आता जाणार’ म्हणून निवडलेल्या माणसांपैकी आजवर एकही माणूस गेलेला नाही. पाच वर्षं झाली. दर वर्षी दहा नावं. त्यांतला सगळ्यांत कोवळा माणूस ऐंशीचा. कुणी डायलिसिसवर, कुणी व्हेंटिलेटरवर, एकाच्या घराबाहेर तर टीव्हीवाल्यांनी खुर्च्या मांडून ठेवलेल्या. पण व्याह्यांनी नाव दिलं रे दिलं, की तो माणूस उठून बसायचा आणि चहा मागायचा.

हा प्रकार काय, ते आधी सांगायला हवं. मी विम्याचा एजंट. इतरांच्या मरणाची आठवण इतरांना करून देणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. एका म्हाताऱ्या नटाच्या निधनाची बातमी एकाच महिन्यात तीनदा आली आणि तिन्ही वेळा खोटी निघाली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी म्हणालं, ‘ह्यापेक्षा आपणच अंदाज बांधू, आपला तरी खरा ठरंल.’ झालं! मी उत्साहाच्या भरात वेगळा ग्रुप काढला, त्याला ‘पुढचा स्टॉप’ असं नाव दिलं आणि नियम केले. गुढीपाडव्याला प्रत्येकानं दहा प्रसिद्ध माणसांची यादी द्यायची. वर्षभरात जो जाईल त्याचं वय शंभरातून वजा करायचं, उरतील तेवढे पॉइंट. प्रसिद्ध म्हणजे ज्याचा फोटो निदान एकदा वर्तमानपत्रात आलाय असा. नात्यागोत्यातलं माणूस चालणार नाही. आणि पाडव्याचा सूर्य मावळला की यादी बंद. जो जिंकेल त्याला वर्षभर ‘चित्रगुप्त’ ही पदवी. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा इथले लोक आले, दोघं पुण्याचे आले, एक थेट मस्कतहून आला. परंड्याच्या एका टायरवाल्यानं पहिल्या वर्षापासून जी पदवी पटकावली ती सोडलीच नाही, म्हणून आता त्याच्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा त्याला चित्रगुप्तच म्हणतं. पंक्चर काढायला आलेला ट्रक ड्रायव्हर ‘चित्रगुप्तसाब है क्या?’ असं विचारतो आणि मग स्वतःच दचकतो.

आमचे व्याही या ग्रुपवर कसे आले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माझी मुलगी त्यांच्या घरी दिलेली. नळदुर्गाच्या अलीकडे हायवेला लागून त्यांचं शेत. सोयाबीन, तूर, थोडी द्राक्षं. सहा फुटांचा माणूस, आवाज असा की शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला मोबाइलची गरज पडू नये. एक दिवस त्यांनी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ‘काय ओ इवाई, ही कसली वरात?’ आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. मी समजावून सांगितलं. त्यांनी फोन हातात घेऊन सगळे नियम वाचून काढले. मग म्हणाले, ‘मलाबी घ्या.’ मुलीचा बाप ग्रुपचा ॲडमिन झाला तरी शेवटी मुलीचा बापच. घेतलं.

इतर सभासद यादी करायचे ती डॉक्टरांच्या बुलेटिनवरून. चित्रगुप्त तर कोण नट कुठल्या समारंभाला आला नाही, कोण खुर्चीवरून उठताना कुणाचा हात धरतो, याची वही ठेवायचा. आमचे व्याही नावं निवडायचे ती प्रेमानं. तरुणपणी तुळजापूरच्या तंबूत ज्या खलनायकाला पाहून त्यांनी पडद्यावर चप्पल फेकली होती, तो पहिल्या नंबरावर. चाळीस वर्षं शेतात ट्रान्झिस्टरवर ज्याचा आवाज ऐकला, तो बातम्या वाचणारा दुसरा. मग एक यष्टिरक्षक, एक पैलवान, एक गाणारी बाई. ‘अहो, ही तुमची आवडती माणसं,’ मी म्हणालो, ‘ती मरावीत असं वाटतं का तुम्हाला?’ तर माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी त्यांच्या बैलाचं वय विचारलंय. म्हणाले, ‘वळखीच्या माणसाचंच नाव देणार न्हवं? बिनवळखीच्या माणसाला कशाला तरास?’

यादी दिली की ते ती लॅमिनेशन करून आणायचे आणि बंडीच्या खिशात ठेवायचे. फवारणी करताना, पाणी धरताना, लग्नात पंगतीला बसताना यादी जवळ. रोज सकाळी बरोबर सहा वाजता माझा फोन वाजायचा. ‘इवाई, आपल्या माणसांचं काय?’ यादीतल्या मंडळींना ते ‘आपली माणसं’ म्हणायचे. मी पांघरुणातून बातम्या वाचून दाखवायचो. खलनायकाला आयसीयूत हलवलंय असं सांगितलं त्या दिवशी त्यांनी नाश्ता केला नाही. ग्रुपवर मात्र त्यांच्या नावानं अभिनंदनाचा पाऊस. बिचाऱ्यांच्या खात्यावर पहिलेवहिले पॉइंट पडणार होते! आठव्या दिवशी खलनायक घरी आला. तिसऱ्या महिन्यात तो गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत जिना चढताना दिसला. व्याह्यांनी त्याला पोस्टकार्ड टाकलं : ‘जिना दाखवला तेवढा पुरे. जपून उतरावे.’ त्याच्या सेक्रेटरीनं त्याचा सही केलेला फोटो पाठवला. तो आता त्यांच्या बैठकीत वडिलांच्या फोटोशेजारी आहे. वडिलांना हार, याला नाही. पाहुण्यांतल्या एका भाबड्या म्हातारीनं एकदा त्यालाही हार घातला, तर व्याही जेवणावरून उठले आणि हार काढून टाकला. ‘जित्या माणसाला हार घालतेत व्हय, आत्या?’

या सगळ्याचा ज्यांना मनापासून राग होता त्या म्हणजे आमच्या विहीणबाई. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई, आणि बोलणं फोडणीच्या मोहरीसारखं. दर पाडव्याला मी गुढीचं गोड घेऊन गेलो की त्या दारातच विचारायच्या, ‘काय भाऊ, आला का मालकांचा भोपळा?’ आला असं म्हणालो की त्या समाधानानं आत जायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘माझा गुडघा चार साल झालं दुखतोय, त्याची चौकशी न्हाय. त्या नटाच्या किडनीचं मात्र सगळं तोंडपाठ. मलाबी त्या यादीत घाला म्हणावं, मग तरी इचारतील.’ व्याही आतून ओरडले, ‘तुझा फुटू न्हाय पेपरात आलेला!’

व्याह्यांची ही कीर्ती पसरली तेव्हा ग्रुपवर धर्मसंकट उभं राहिलं. त्यांनी जे नाव दिलं ते दुसऱ्याच्या यादीत असलं, तर त्याचंही वर्ष वाया! उमरग्याच्या मास्तरांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, ‘माझ्या माणसांना तेवढा तुमचा हात लावू नका.’ आणि ज्या वर्षी व्याह्यांनी एका ब्याण्णव वर्षांच्या माजी मंत्र्याचं नाव दिलं, त्या वर्षी तर चित्रगुप्त परंड्याहून स्वतः आला. हायवेवरच्या ढाब्यावर आमची तिघांची बैठक झाली.

‘काढा तेवढा मंत्री,’ चित्रगुप्त म्हणाला. ‘त्यो माझा हुकमी एक्का हाय. चार महिनं अन्न न्हाय पोटात.’

‘न्हाय निघायचा,’ व्याही म्हणाले.

‘का पर?’

‘नाव घेतलं की जबाबदारी आली. आता कसं सोडणार?’

‘अहो, मरायची जबाबदारी त्याची हाय! तुमची कशी?’ चित्रगुप्त कळवळून म्हणाला. पण व्याह्यांनी यादी बंडीच्या खिशात ठेवली आणि शेवभाजी मागवली. मंत्रिमहोदय आज चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत आणि मध्यंतरी त्यांनी एका शाळेचं उद्घाटनसुद्धा केलं.

गेल्या श्रावणात व्याही फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन तुरीत शिरले आणि दोन तासांत बाहेर आले ते छातीला हात लावून. सोलापूरला नेलं. तीन ठिकाणी रक्तवाहिन्या बंद. बायपास करावी लागणार, आणि वय व साखर पाहता डॉक्टर काही शब्द देईनात. ऑपरेशन ठरलं त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी जागाच होतो. फोन वाजला नाही. मी तो उचलून पाहिला, चार्जिंग बघितलं, आवाज बघितला. पाच वर्षं ज्या फोनला शिव्या दिल्या तो नुसता पडून होता, आणि मला पांघरुणातून बाहेर पडवेना.

नऊ वाजता त्यांना आत नेलं. मुलगी-जावई औषधांसाठी खाली गेले. बाकावर मी आणि विहीणबाई. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून व्याह्यांच्या चपला डोकावत होत्या. दहा नंबरच्या, टाचेला झिजलेल्या. बराच वेळ त्या चपलांकडे बघत बसल्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी लॅमिनेशन केलेली यादी बाहेर काढली.

‘भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘ह्यात मालकांचं नाव घाला.’

मी म्हणालो, ‘अहो, तो खेळ आहे. आणि तुम्हाला तर...’

‘ह्या यादीतलं माणूस मरत न्हाय. तुमीच सांगता न्हवं समद्यांस्नी?’ मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. ‘उगं मरत न्हाय असं न्हाय ते. दरसाल पाडव्याला तुमच्याकडं यादी दिली की दुसऱ्या दिशी तीन गाड्या बदलून सोनारीला जातेत. भैरवनाथाला. धा माणसांचं धा नारळ. एकेकाचं नाव घिऊन फोडतेत. मला म्हणले, कुणाला सांगू नको, खेळातनं काढतील.’

मी थक्क झालो. पाच वर्षं मी ज्या माणसाच्या फुटक्या नशिबावर विनोद करत होतो, तो माणूस खेळात चक्क लबाडी करत होता, आणि तीही स्वतः हरण्यासाठी! ग्रुपवरची चाळीस माणसं दुसऱ्यांच्या मरणाची वाट बघत बसलेली, आणि हा सहा फुटी गडी गुपचूप सोनारीला जाऊन काळभैरवाकडे वशिला लावतोय.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. पाडवा उलटून पाच महिने झालेले, माणूस नात्यातला, यादी दहाची भरलेली; तीन नियम उघड मोडत होतो. मस्कतवाल्यानं लगेच लिहिलं, ‘नियम गेले खड्ड्यात, घाला.’ पुण्याच्या एकानं मात्र विचारलं, ‘प्रसिद्धीचा पुरावा?’ मला आठवलं. नळदुर्गाच्या किल्ल्यातला धबधबा बघायला लोटलेल्या गर्दीचा फोटो जिल्ह्याच्या पानावर आला होता, त्यात डावीकडून तिसरे आमचे व्याही. मी कात्रण शोधून टाकलं. पुण्याहून उत्तर आलं, ‘यात नुसती छत्री दिसते.’ उमरग्याचे मास्तर त्याच्या अंगावर धावून गेले, ‘छत्री कुणाची हाय ते बघा की!’ आणि एवढ्यात चित्रगुप्ताचा संदेश आला : ‘भांडत बसा. मी गाडीला किक मारली. सोनारीला चाललो.’

इकडे यादीवर लिहायचं कशानं, हा प्रश्न. लॅमिनेशनवर बॉलपेन घसरत होतं. शेवटी एका नर्सबाईंनी सलाइनच्या बाटल्यांवर लिहायचा मार्कर दिला. मी तो विहीणबाईंपुढे धरला. त्या लाजल्या, हो, त्या बाकावर, त्या वेळी, पासष्ट वर्षांची ती बाई लाजली. ‘नाव म्या घेत न्हाय, म्हाईत हाय न्हवं,’ म्हणाल्या. मग मार्कर घेतला आणि दहा नावांखाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं : ‘११. मालक.’

तासाभरानं चित्रगुप्ताचा फोटो आला. फुटलेला नारळ, मागे देवळाची पायरी. खाली ओळ : ‘नाव घेऊन फोडला. पण अर्धं खोबरं माकडानं नेलं. चालतंय का, विचारा.’ मी विचारलं. विहीणबाईंनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि निर्णय दिला, ‘माकडं देवाचीच हायती. पोचलं म्हणा.’

मग वाट बघणं उरलं. अकरा वाजले, बारा वाजले.  मी मनातल्या मनात व्याह्यांना सकाळच्या बातम्या वाचून दाखवत होतो. खलनायक ठीक आहे. गाणारी बाई ठीक आहे. मंत्री जेवले. आपली सगळी माणसं ठीक आहेत, इवाई. तुमचं काय?

दोन वाजता दार ढकलून डॉक्टर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाले, ‘छान झालं. मशीन काढलं, हृदय आपलं आपण चालायला लागलं. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील.’

मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला माझं तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं. बाकांवरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या, पिशवी उलटली, दहा नंबरच्या चपला फरशीवर घसरत डॉक्टरांच्या पायाशी गेल्या. यादी दोन्ही हातांनी छातीशी धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता, त्या दवाखान्याच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, ‘भोपळा! भाऊ, मालकांचा यंदाबी भोपळा!’