टोळीत घुसलो, जेवून आलो

आयुष्यात मी एकदाच गुप्तहेर झालो, तेही घरच्यांना सांगून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुमनला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, पेठ वडगावचं स्थळ आलेलं. पोरगा तिच्या मनात भरला होता. पण कुणीतरी काडी घातली, "त्यो रोज स्टँडवर टोळक्यात बसतोय." झालं, दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाय मागं घेतला. सुमननं जेवण टाकलं.

नेमका त्याच आठवड्यात मी मॅटिनीला एक जुनापुराणा काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा पाहिलेला. त्यात एक पोलीस नाव बदलून, लांब कोट घालून थेट गुंडांच्या टोळीत शिरतो. (इंग्रजी फारसं कळलं नव्हतं, कोट मात्र नीट कळला होता.)

"दादा, मी घुसतो त्या टोळीत."

"घूस. पन कोट कशाला? एप्रिल हाय न्हवं?"

"कोटाशिवाय घुसता येत नाही."

वडगावला पोरगा आणि त्याचे चार दोस्त चहाच्या गाड्यावर बसलेच होते. मी शेजारी टेकलो आणि सिनेमातल्यासारखं तिरकं बघायला लागलो.

"पावणं, कुठलं?" पोरानं विचारलं.

"सांगली. बियाणं विकतो."

"कोट काढा की, उकडतंय."

एकजण फिसकन हसला. दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

सिनेमातल्या गुंडांनी त्या पोलिसाची कसून झडती घेतली होती. या टोळीनं मला दोन चहा पाजले, वर भडंग खायला लावलं. कसलं बियाणं, असं एकानंही विचारलं नाही. मला संशय यायला हवा होता, पण तोंडात भडंग होतं. मग पोरगा म्हणाला, "चला पावणं, घरी जेवायलाच." मनात म्हटलं, आता थेट अड्ड्यावर!

अड्ड्यावर तांबडा-पांढरा रस्सा होता. त्यामुळे तपास तिसऱ्या वाटीनंतर सुरू झाला.

"मावशी, तुमचा मुलगा त्या टोळक्यात काय करतो?" मी पोराच्या आईला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"डेरीला दूध घालून आलं की घटकाभर बसत्यात. पीत न्हाईत, पत्तं खेळत न्हाईत. रस्सा वाढू?"

निघताना मावशींनी हातात लोणच्याची बरणी ठेवली. "आईस्नी द्या. सुमनला तिखट चालतंय न्हवं?"

मी अजून सांगलीचाच होतो. "कोण सुमन?"

मावशींनी कपाटातनं फोटो काढला. दादांनीच स्थळाला पाठवलेला. पुढे सुमन बसलेली, मागे मी उभा. याच कोटात.

"मग आधी बोलला का नाही?"

"पावणं उन्हातनं आलेलं. आधी जेऊ द्यावं की."

घरी येऊन सगळं कबूल केलं. पोरगा सोन्यासारखा आहे, पण मी सापडलो. दादांनी कपाळाला हात लावला. आता तिकडूनच नकार येणार म्हणून सुमन माझ्याशी बोलेना, आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

चार दिवसांनी मध्यस्थी करणारे मामा निरोप घेऊन आले.

"पोरगी पसंत हाय. सुपारी फोडा म्हनालं."

दादांनी चाचरत विचारलं, "आनि आमच्या ह्याच्याबद्दल काय म्हनालं?"

मामांनी एकदा माझ्याकडं बघून घेतलं.

"म्हनालं, भाऊ जरा खुळं हाय. पन त्ये काय आमच्यात नांदायला येनार न्हाय."