सकाईची सुरी आणि चाचांचा पाट

साठ सालानंतर कुवेतमध्ये जपानी माल यायला लागला, तेव्हा मी तिथल्या शर्क भागातल्या एका भांड्यांच्या दुकानात विक्रेता होतो. ओसाकाजवळच्या सकाई शहरातला एक माणूस मासळी कापायची सुरी नमुना म्हणून ठेवून गेला. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी बोट चरचरायचं. कुवेती मालकांनी ती माझ्या ताब्यात दिली आणि सांगितलं, शनिवारी सकाळी तो न्यायला येईल. ओरखडा दिसला तर तू मुंबईच्या बोटीत.

शहाण्याने कपाटाला कुलूप लावलं असतं. मी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती आम्ही राहायचो त्या मेसमध्ये मिरवायला नेली.

आमचे स्वयंपाकी चाचा रत्नागिरीकडचे. विळीशिवाय मासळीला हात न लावणारे, आणि त्यांची विळी महिन्यापूर्वी मोडली होती. मी आंघोळ करून बाहेर येतो तो काय, सुरीची मूठ उपटलेली, आतला दांडा स्टोव्हवर लाल करून पाटात ठोकलेला आणि चाचा पाटावर पाय रोवून पापलेटं कापतायत. मुठीने लसूण ठेचून झाला होता.

"चाचा, माझी नोकरी गेली."

"जेवून जा. आता कसे दोन्ही हात मासळीला मोकळे झाले."

मी पातं ओढलं. पाट उचलला गेला, पातं हललं नाही. शनिवारी पाट, मूठ आणि गुन्हेगार चाचा, तिन्ही घेऊन दुकानात हजर झालो.

जपान्याने पाट उलटासुलटा करून पाहिला. मग मोडक्या इंग्रजीत सांगू लागला. सकाईत पातं घडवणारे वेगळे, धार लावणारे वेगळे; त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुठी बसवतात. दांडा असाच लाल करून, असाच ठोकून. त्याने मूठ हुंगली.

"ही माझ्या वडिलांनी बसवली होती."

मी मनातल्या मनात बोटीत चढलो. तो मात्र समोरच्या बाजारातून मासा आणवून चक्क फरशीवर बसला. पातं जागचं हलत नाही, मासाच हलवायचा, हे काही त्याला जमेना. हसून हसून त्याचा चष्मा घसरला. मग चाचांना वाकून नमस्कार करून त्याने पाटासकट सुरी मागितली, वडिलांना दाखवायला.

"पातं खुशाल न्यावं," चाचा म्हणाले. "पाट माझा आहे."

दोघांनी मिळून ओढलं. निघालं नाही. अखेर त्याने मालकांना सांगितलं, कुवेतमधली ही पहिली सुरी कामाला लागली, नमुना दुसरा पाठवतो. मूठ रुमालात गुंडाळून तो गेला. मालकांनी बोट रद्द केली. चाचांना दुकानात पुन्हा आणायचं नाही, एवढंच बजावलं.

चाचा पाट काखेत मारून मेसपर्यंत कुरकुरत होते. आता लसूण कशाने ठेचायचा?