कासवावरची उस्तिन्या

"अगं, ही तूच हाईस की!" लुकेरियानं फळ्याकडं बोट केलं. "नाकावरचा तीळ बी सोडला न्हाई मेल्यानं. कासवाला मातूर शेपूट द्यायची इसरला."

रांगेतल्या बाया खिदळल्या. उस्तिन्या हसली नाही.

खानावळीच्या दारावरचा हा फळा नेहमीचा. काम उरकलेली टोळी त्यावर लाल विमानात चितारलेली, मधली घोड्यावर, मागं पडलेली कासवावर. विमानवाल्यांना ताट आधी, कोबीच्या सारात मांसाचा तुकडा. कासवाच्या वाट्याला तळाचं पाणी. उस्तिन्याची टोळी मागं पडली होती, खरंच. खडीच वेळेवर आली नव्हती. पण अख्ख्या टोळीत कासवावर तोंड हिचं एकटीचं.

आता सकाळचा उलगडा झाला. ती क्रेन शिकायला गेली, तर मास्तरानं तिला वर्गाच्या दारातच अडवलं होतं, "कासवावरच्या बाईच्या हाती क्रेन देऊ? मला कोण सोडंल?" तेव्हा तिला काही उमजलंच नव्हतं.

फळा रंगवायचा येरेमेय. तिच्याच गावचा, व्यात्का नदीकाठचा. एकाच मालगाडीतनं दोघं ह्या कारखान्याच्या बांधकामावर आलेले. त्याचे फाटके सदरे ती शिवायची. हिवाळ्यात एका चित्रासाठी त्यानं तिला लाल रुमाल बांधून, मूठ उगारून उभं केलं होतं. मागं काढली धूर ओकणारी धुराडी, ज्यांच्या अजून पायाचाही पत्ता नव्हता. "ह्ये चित्तर भितीवर लागू दे, तुला क्रेनवर घेत्यातच बघ," म्हणाला होता. त्या बोलावर तिनं थंडीत हातपाय गारठवून घेतले.

रांग सोडून ती त्याच्या छपरीत गेली. तो डब्यात रंग घोटत होता.

"येरेम्या, माझंच तोंड का?"

"वरनं हुकूम आला, कासवावर वळखीचं तोंड पायजे. कुणाचं काढू? तुमच्या टोळीतल्या त्या दारियाचं काढलं असतं, तर तिनं माझा हात मोडला असता."

"आन् मी?"

"तू आपली हाईस, उस्तिन्ये. समजून घेशील. शिवाय तुझं तोंड हाताला बसलंय, डोळं मिटून निघतंय."

परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या हासडून ती मोकळी झाली असती.

"पूस ते. आत्ता."

"पुसलं तर मला खडी फोडाय धाडतील."

"मग मी काय लोणी काढतीया तिथं?"

त्यानं खिशातला काळा पाव पुढं केला.

"ठिव तुलाच," ती म्हणाली. "हितनं फुडं तुझी ठिगळं तूच लाव."

भोंगा झाला. ती उपाशीच पाया खणलेल्या खड्ड्यात उतरली. वरून क्रेननं काँक्रीटचा ढीग ओतला. तो घट्ट बसावा म्हणून रबरी बूट घालून बाया तुडवू लागल्या.

"पुसतोय का?" लुकेरियानं विचारलं.

"न्हाई."

"मग गं?"

"मग काय? तुडव. वाळाय लागलंय ते."